बर्फ वाढला

बर्फाची एक लादी शिल्लक नसताना मी एका व्यापाऱ्याला तीन ट्रक घेऊन घाट उतरायला लावलं होतं. बरं, त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. त्याने फोनवर विचारलं, मी उत्तर दिलं, तेही गोड आवाजात, शेवटी 'हो' लावून. चूक एवढीच की मला आईने फार चांगलं वळण लावलं होतं.

हे सगळं आत्ता आठवायला कारण झाली माझी नात. ती पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत आहे आणि अधूनमधून आमच्याकडे येऊन पडवीत लॅपटॉप मांडून बसते, कारण रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते. परवा मी आत बांगडे साफ करत होते. बाहेर तिच्या साहेबांचा आवाज आला, काम आज संध्याकाळपर्यंत होईल का. आमची पोर म्हणाली, ॲक्च्युअली सर, तसं बघायला गेलं तर, म्हणजे एका बाजूने विचार केला तर... माझे बांगडे साफ होऊन, धुऊन, मीठ लावून झाले, तरी तिचं वाक्य काही किनाऱ्याला लागेना. होणार नव्हतं काम. मला चुलीपाशी कळलं, तर साहेबांना कळलं नसेल? शेवटी राहवलं नाही. आतूनच हाक मारली, "नाय म्हण गो एकदा, आणि मोकळी हो."

ते साहेबांनी ऐकलं. साहेबांच्या वरचे कोणी होते, त्यांनीही ऐकलं म्हणे. लॅपटॉपमधल्या माणसांतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. नात जेवणापर्यंत माझ्याशी बोलली नाही. बांगड्यांचं तिखलं दोनदा वाढून घेतल्यावर मात्र म्हणाली, तुला काय आजी, तू जन्मापासूनच अशी तोंडाळ असशील.

तोंडाळ, आणि मी! तिला विशीतली ती मुलगी दाखवायला हवी होती. तेलाने चप्प दोन वेण्या, टायपिंग पास झाल्याची ऐट, आणि तोंडातून सरळ शब्द काढायचा म्हणजे दाढ काढल्यासारखं. मला तर ती आता आठवली की तिच्या वेण्या ओढाव्याशा वाटतात.

मसुऱ्याकडच्या आमच्या घरात सरळ बोलणं हा गुन्हाच होता. बाहेर निघताना 'जातंय' म्हणायचं नाही, 'येतंय' म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, त्याला निरोप द्यायचा. तिन्हीसांजेला दारात कोणी काही मागायला आलं तर 'नाय' हा शब्द गिळायचा आणि 'उद्या बगूया' म्हणायचं. आणि डब्यातले तांदूळ संपले तर संपले म्हणून चालायचं नाही. तसं म्हटलं की ते लक्ष्मी ऐकते आणि खरोखरच उठून जाते. म्हणून तांदूळ 'वाढले' म्हणायचं. गूळ वाढला, तेल वाढलं. आई रिकामा डबा खडखड वाजवून दाखवायची आणि म्हणायची, पीठ वाढलां. आम्हाला बरोबर कळायचं, आता दुकानात पळायचं. घराबाहेरची रीतही काही निराळी नव्हती. एस्टी इली काय, असं कोणी विचारलं तर 'इली' म्हणेल तो मालवणी कसला? 'न येऊन खंय जातली?' असं आपणच उलट विचारायचं. गाडी आली की नाही, ते विचारणाऱ्याने आपल्या चेहऱ्यावरून ओळखावं.

एवढी सगळी शिदोरी बांधून मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरीला लागले.

कारखाना म्हणजे अमोनियाचा वास, कॉम्प्रेसरची दिवसभर धडधड आणि ओल्या जमिनीवरून सरकत येणाऱ्या बर्फाच्या लाद्या. ट्रॉलरवाले समुद्रात जाण्याआधी बर्फ न्यायचे आणि घाटावरचे व्यापारी मासळी भरून नेण्यासाठी. मालक बंदरावरच्या एका जुन्या मुसलमान घराण्यातले. वडील, आजोबा सगळे व्यापारात गेलेले. त्यांना अख्खं बंदर चाचा म्हणायचं, म्हणून मीही. माझं काम ऑफिसच्या खिडकीशी बसायचं, टाइपरायटर बडवायचा आणि फोन घ्यायचा. फोनवर मुख्यतः एकच प्रश्न यायचा: बर्फ आहे का? आता या प्रश्नात चुकण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा.

नोकरी कच्ची होती. पावसाच्या तोंडावर होड्या वर काढेपर्यंत बघू, असं चाचांनी आधीच सांगितलेलं. आणि वडिलांनी घरात वेगळा करार केलेला. तोवर कायम झालीस तर राहा. नाही झालीस तर काका मे महिन्यात येतोच आहे, त्याच्याबरोबर मुंबईला जा. काकाच्या घरी काकी होती, काकीची लहान मुलं होती, आणि मी तिथे गेले की टायपिंगची नोकरी बघता बघता मुलंही बघेन, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. मला जायचं नव्हतं. कारण फार मोठं नव्हतं. माझ्या टेबलाला एक खण होता, खणाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती. खणात चिंच, गुळाचा खडा आणि फणी, एवढाच खजिना. पण जन्मात पहिल्यांदा कशाची तरी किल्ली माझी होती. हे मी कुणाला सांगितलं का? छे. आमच्याकडे असलं बोलायची पद्धत नाही.

उन्हाळ्याचे दिवस होते. कॉम्प्रेसर बिघडला, दुरुस्तीचा माणूस येईना, आणि होत्या तेवढ्या लाद्या उचलून नेल्या लोकांनी. गोदाम कोरडं ठणठणीत. अशात दुपारी घाटावरच्या त्या व्यापाऱ्याचा फोन आला.

"बर्फ आहे का बाई? उद्या दोन गाड्या आणतोय."

आता 'संपला' कसं म्हणायचं? कारखाना चाचांचा, लक्ष्मी त्यांची, आणि मी कोण कालची पोर, तिला हाकलून द्यायला? मी आवाजात साखर घालून म्हणाले, "बर्फ वाढला हो."

पलीकडे त्याने तोंडातल्या तोंडात काही हिशेब केला. मग तो एकदम खूश.

"वाढला? मग तिसरी पण आणतो."

मला वाटलं, काय हौशी माणूस आहे. बर्फ नाही म्हटल्यावर गाडी जास्तीची आणतो. असेल घाटावर तशी काही पद्धत. मी फोन ठेवला आणि खणातली चिंच काढून चोखत बसले. त्या माणसाला काय दोष देणार? फुटलेली बांगडी त्याच्या घरीही वाढतच असेल. पण बर्फाच्या कारखान्यात बर्फ वाढला, याचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे त्याला कसं सुचावं?

दुसऱ्या दिवशी तीन ट्रक आले. व्यापाऱ्याने आधी बंदरावर जाऊन लिलावात बांगडा उचलला, आणि बर्फ वाढलाय म्हटल्यावर हात कशाला आखडेल, भरपूर उचलला. मग सगळा लवाजमा आमच्या दारात. चाचा बाहेर आले. बर्फ नाही म्हणाले. व्यापारी म्हणाला, असं कसं, तुमच्याच ऑफिसातून सांगितलंय. दोघं माझ्या खिडकीशी आले. चाचांनी विचारलं, काल फोनवर काय सांगितलंस. मी निष्पापपणे म्हणाले की मी सांगितलं होतं यांना, बर्फ वाढला म्हणून.

"ऐकलंत?" व्यापारी चाचांना म्हणाला. "आत्तासुद्धा तेच म्हणतेय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पायाखालची जमीन मला गिळेल तर बरं, असं झालं. चाचांनी इकडेतिकडे फोन करून एका ट्रकापुरता बर्फ दुसऱ्या बंदरातून मागवला. उरलेल्या बांगड्यांना किनाऱ्यावरच्या बायकांनी पदर खोचून मीठ लावलं. त्या पावसाळ्यात निम्म्या बंदराने खारे बांगडे खाल्ले आणि घासागणिक माझी आठवण काढली. बाजारात गेले की कोळणी टोपल्यांमागून विचारायच्या, "काय गो, आज काय वाढलां?"

संध्याकाळी चाचांनी आत बोलावलं. मी किल्ली मुठीत घेऊनच गेले, म्हणजे परत द्यायला सोपं. ते रागावलेले दिसत नव्हते, त्यामुळे मी जास्तच घाबरले. ते म्हणाले, "आमच्या घराक जेवणा झाली की दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, उचलत नाय, वाढवतत. म्हणान 'वाढला' माका कळता. तुका कळता. फोनाक कळणा नाय, बाय."

मी मान हलवली. मग त्यांनी बोट वर केलं, एकच, आणि पुढे कित्येक वर्षं मला पुरलेला कायदा सांगितला.

"हंय पहिलो शब्द होय, नायतर नाय. उरलेला रामायण मगे."

एवढंच. किल्ली माझ्या मुठीत राहिली. पण कायम करण्याबद्दल एक शब्द नाही, आणि तीन ट्रकांनंतर तो विषय काढायची माझीही छाती नव्हती. मनाशी ठरवलं की आता होड्या वर निघेपर्यंत अशी सरळ उत्तरं द्यायची की चाचांना दुसरी मुलगी सुचताच कामा नये.

आणि मग ती वेण्यावाली सुटली. कालपर्यंत जिला 'नाय' म्हणता येत नव्हतं, तिला दुसरं काही येईनासं झालं. आईने विचारलं सार कसं झालंय, मी म्हटलं नाय, बरं नाय झालं. आईने वाढता वाढता डाव तसाच भांड्यात परत ठेवला. शेजारच्या वहिनीने नवं लुगडं नेसून विचारलं, शोभतं का. तिला पहिला शब्द सांगितला आणि उरलेलं रामायणही सांगितलं. वडील म्हणाले, ही नोकरी करते की भांडणं शिकते?

पण कळस झाला तो कारखान्यातच. मला वाटलं, उत्तर सरळ द्यायचं तर प्रश्नही सरळच असावा. एका पहाटे एक तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, आपल्या खलाशांना घेऊन बर्फ न्यायला आला. टोपल्या भरल्या, माणसं उचलून निघाली. मी खिडकीतून मान काढून अगदी ऑफिसच्या थाटात विचारलं, "आज खंय चाललास?"

दुरुस्त झालेला कॉम्प्रेसर धडधडत होता, तरी खलाशांचे पाय जागीच थांबले. समुद्रावर निघालेल्याला 'खंय', म्हणजे कुठे, असं कोणी विचारत नाही. विचारलं की जाळं रिकामं येतं, किंवा त्याहून वाईट. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं, मलाही होतं. पण सरळपणाची झिंग चढलेली. तांडेलाने माझ्याकडे एकदा पाहिलं, टोपली माझ्या खिडकीखाली ठेवली आणि सरळ घरी गेला. मागून खलाशीही गेले. बर्फ माझ्या डोळ्यांदेखत थेंब थेंब वितळत राहिला.

दुपारी तांडेलाची बायको आली. कमरेवर हात ठेवून खिडकीशी उभी राहिली. "गो, तुज्यामुळे माझो घोव सकाळपासून घराक बसलो हा," ती म्हणाली. "चूल अशी कशाक पेटवलंस, भांडी थंय कशाक ठेवलंस, म्हणान माझ्या मागे लागलो हा. आता तूच ये आणि तेका सांभाळ."

ती गेल्यावर चाचा आले. हसू दाबल्यामुळे त्यांची दाढी हलत होती. "मी तुका उत्तर सरळ देवक सांगलंय," ते म्हणाले. "प्रश्न सरळ इचारूक खंय सांगलंय?"

असं करत करत जमलं बाई एकदाचं. कुठे पहिला शब्द द्यायचा, कुठे तोंड मिटायचं, ते हळूहळू कळायला लागलं. मुख्य म्हणजे फोनवर कळलं. बर्फ आहे का? नाय. परवा सकाळी मिळेल. लोकांना त्याचा राग येत नाही, हे पाहून मला केवढं आश्चर्य वाटलं. उलट बिचारे आभार मानायचे, कारण उगाच हेलपाटा वाचायचा. एक दिवस घाटावरच्या त्याच व्यापाऱ्याचा फोन आला. माझा आवाज ओळखून म्हणाला, बाई, बर्फ आहे का ते सांगा, वाढला का ते नको. मी म्हटलं, होय, आहे. दोन गाड्यांपुरता. तिसरी आणू नका. तो इतका हसला की मलाही हसू आलं, आणि चाचांनी आतल्या खोलीतून मान काढून बघितलं, ही कोणाशी बोलते.

पण मे संपत आला तरी चाचा काही बोलेनात. होड्या एकेक करून वाळूवर चढू लागल्या, त्यांच्यावर झावळ्या पडू लागल्या. घरात आईने माझी पत्र्याची पेटी खाली काढून उन्हात ठेवली. आणि काका आला.

तो सरळ कारखान्यातच आला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी. मी माझ्या टेबलाशी, तो आणि चाचा पलीकडे समोरासमोर. कोकमाचं सरबत आलं. गावच्या गप्पा झाल्या. मग काकाने मुंबईच्या शुद्ध मराठीत विचारलं, की मुलीला तुम्ही कायम करणार आहात का, नाहीतर उद्या मी तिला घेऊन जातो, गाडीची दोन तिकिटं काढलीत.

मी टाइपरायटरवर बोटं ठेवून कान टवकारले. आता येईल पहिला शब्द.

चाचांनी सरबताचा घोट घेतला. म्हणाले, यंदा मासळी बेताची होती. मग म्हणाले, कॉम्प्रेसर जुना झालाय. मग वीज आली, मग पाऊस आला, पावसात कारखाना बंद असतो ते आलं, मुलींची लग्नं होतात तेही येऊन गेलं. ज्या माणसाने मला कायदा शिकवला त्याचं वाक्य माझ्या डोळ्यांसमोर खाडीतल्या तरीसारखं या काठाहून त्या काठाला फिरत होतं. शेवटी ते म्हणाले, "बगूया."

बगूया म्हणजे काय ते इथे सगळ्यांना कळतं. काका मुंबईत जुना झाला होता, पण त्यालाही कळलं. त्याने ग्लास खाली ठेवला, चपलेत पाय घातला आणि म्हणाला, "बरं तर, येतो आम्ही." आणि मला खुणेने ऊठ म्हटलं.

मी उठले नाही. बसल्या बसल्याच विचारलं.

"चाचा, पहिलो शब्द खंय आसा?"

काका एक पाय चपलेत, एक पाय बाहेर, तसाच थांबला. घरच्या मोठ्या माणसांच्या बोलण्यात मी तोंड घातलं होतं, तेही मालकाला उलटून. चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. मग म्हणाले की तुझ्या घरच्यांनी सगळं ठरवलेलं, मी त्यांच्या मधे कसा पडू? मला वाटलं तुलाही जायचंच असेल. तू कधी काही बोलली नाहीस.

ते खरंच होतं. खण, कुलूप, किल्ली, सगळं मनातल्या मनात. वडिलांनी ठरवलं, काकाने तिकिटं काढली, काकीने माझी झोपायची जागासुद्धा नक्की केली असेल, आणि मला कोणी विचारलं नव्हतं, पण मीही कोणाला सांगितलं नव्हतं. चाचा खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड करून बसले.

"मगे आता मी इचारतंय. तुका हंय रवाचा आसा?"

जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला इथे राहायचंय का, असं सरळ विचारत होतं. सगळा उन्हाळा याच प्रश्नाची वाट बघितली होती. आणि या मूर्ख मुलीने काय उत्तर द्यावं? मान खाली घालून, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "न रवाक काय जालां?"

चाचांनी बोट वर केलं. एकच.

काका एकदा त्या बोटाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, या कारखान्यात अमोनिया सगळ्यांच्या डोक्यात गेलाय. मी वेणी सोडली.

"होय," मी म्हणाले.

आवाज चिमणीएवढा आला, पण पुढे-मागे काही शेपूट नव्हतं. चाचा काकाकडे वळले आणि ऑफिसच्या स्वच्छ मराठीत म्हणाले, की मग माझंही होय, पाऊस सरला की हिची नोकरी कायम. काकाने चपलेतला पाय बाहेर काढला. थोडा वेळ रागवावं की काय याचा त्याने विचार केला असावा, पण उकाडा फार होता. तो परत बसला आणि म्हणाला, सरबत अजून असेल तर द्या, बर्फ घालून. दोन तिकिटांतलं एक परत करायला त्याला दुसऱ्या दिवशी स्टँडवर बराच वेळ उभं राहावं लागलं, त्यावरून मात्र तो पुढे कित्येक वर्षं मला ऐकवत होता.

चाचा बर्फ सांगायला स्वतः उठले. माझ्या टेबलापाशी जाता जाता थांबले, खणाच्या कुलपावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "एक 'होय' बोलूक तुका तीन ट्रक लागले गो, बाय."